आम्ही की आपण

पौर्णिमानं गाळलेली जागा भरली आणि दहावीच्या अख्ख्या वर्गात तिचं हसं झालं. वाक्य तसं साधंच होतं: '_____ उद्या धारूरचा किल्ला पाहायला जाणार आहोत. तुम्हीही येता का?' पौर्णिमानं फळ्यावर झोकात लिहिलं, 'आपण'. व्याकरणात आपला हात कुणी धरू शकत नाही अशी तिची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. संधी, समास, प्रयोग, सगळं तिला तोंडपाठ. घसरली ती एका सर्वनामावर.

"अगं, 'आपण' म्हणालीस म्हणजे समोरच्याला गाडीत बसवलंस की," मनिषा मॅडम म्हणाल्या. "मग परत 'येता का' कशाला विचारतेस? तो अजून बाहेर उभा आहे म्हणून तर विचारायचं. तिथं 'आम्ही'च पाहिजे."

वर्ग हसून मोकळा झाला. मॅडम मात्र रंगात आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही एकच. मराठीत तसं चालत नाही. मराठी माणसाला तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, समोरचा आपल्यातला की नाही. नंतर सारवासारव करता येत नाही. एवढं बोलून त्यांनी फळा पुसला आणि पुढचा प्रश्न घेतला.

पौर्णिमा तिथंच अडकून पडली. बोलायला लागल्यापासून ती हे दोन शब्द वापरत होती, बोलताना कधी चुकली नव्हती, आणि आपण दर वेळी एवढं मोठं काहीतरी ठरवतोय याचा तिला पत्ताच नव्हता. हे कुणी शिकवलं? आईनं? आईला तरी कुठं ठाऊक होतं? एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा शब्दात बसवून ठेवणाऱ्या माणसांबद्दल तिला भारी आदर वाटला. ती कोण, कुठली, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

ती गेवराईला मामाकडं राहायची. आई गेली तेव्हा ती आठवीत होती. वडील पुण्याला कंपनीत, तिथल्या खोलीत सगळी गडीमाणसं, तिथं पोरीला कुठं ठेवणार? मामानं तिला इथं आणलं आणि टँकर घेऊन तो पुन्हा रस्त्याला लागला. तेव्हा मामाचं घर म्हणजे खरं तर मामीचं घर, आणि मामीचं घर म्हणजे पुढच्या खोलीतली पिठाची गिरणी. मामीचं नाव ज्योत्स्ना. पाटी रंगवणाऱ्यानं त्या नावाशी बरीच झटापट केली असावी, कारण पाटीवर 'जोत्सना' उमटलं होतं. पौर्णिमानं एकदा भीत भीत ती चूक दाखवली होती. मामी म्हणाली, "पीठ बारीक पडतंय ना? मग झालं."

मामी अशीच. गिरणीच्या आवाजात वर्षानुवर्षं बोलून तिची वाक्यं आखूड झाली होती. भुवयांवर पीठ, पदर खोचलेला, आणि तोंडात एक-दोन शब्द. दिवाळीआधी दळणाची नुसती झुंबड असायची. लाइट गेली की बाया डबे रांगेला लावून घरी जायच्या, आणि त्या डब्यांच्या मागे बाकड्यावर बसून पौर्णिमा वाचायची.

त्या दिवशी तिच्या हातात शाळेच्या लायब्ररीतलं एक पुस्तक होतं. कव्हर गेलेलं, पुढची पानं गेलेली, त्यामुळं लिहिणारा कोण हेही गुपितच. त्यातली एक कथा दोन भावांची होती. शेत वाटलं, घर वाटलं, विहीर वाटता येईना. मग एकानं दिवसा पाणी घ्यायचं, दुसऱ्यानं रात्री. पानामागून पान 'आमचं पाणी', 'तुमची पाळी' असलंच चाललेलं. शेवटी दुष्काळात विहिरीचा तळ दिसला. दोघं दोन बाजूंनी येऊन काठावर उभे राहिले. थोरला खाली बघत म्हणाला, "आता आपण कुठं जायचं रे?" कथा संपली.

पौर्णिमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो का आला हे आधी तिला कळेना. भांडण मिटलं असं कुठं लिहिलेलं नव्हतं. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नव्हतं, कुणी रडलंही नव्हतं. मग तिनं ती कथा पहिल्यापासून पुन्हा वाचली, या वेळी बोट ठेवून, आणि तिला दिसलं की त्या प्रश्नाआधी सबंध कथेत 'आपण' हा शब्द एकदाही आलेला नाही. त्या बिननावाच्या माणसानं तो शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवला होता. सकाळी जी गोष्ट सरावाचा प्रश्न होती, ती इथं दोन माणसांना जवळ आणत होती. पौर्णिमा पुस्तक मिटून तशीच बसली. लाइट आली, गिरणी सुरू झाली, मामीनं दोनदा हाक मारली, तरी तिला ऐकू गेलं नाही.

मग मात्र तिच्या मागे एक नसती कटकट लागली. ती घरात कान टवकारून ऐकायला लागली. मामी 'आमी' म्हणते की 'आपुन'?

मामी 'आमी' म्हणायची. "आमी लगीन होऊन आलतो तवा ही गल्ली नव्हती." "आमी ही मोटर बीडवरून आनली." "आमी मागं घर रंगवलं तवाचा डबा हाय त्यो." पौर्णिमानं एकेक वाक्य तपासलं, आणि दुःखाची गोष्ट अशी की व्याकरण दर वेळी मामीच्याच बाजूनं निघालं. मोटर आणली तेव्हा पौर्णिमा नव्हतीच, तर मामीनं तिला त्यात घ्यावं कसं? आणि जिथं 'आपुन' म्हणायला जागा होती, तिथं मामी सर्वनामच गिळून टाकायची. "बाजारला जायचंय." "जेवून घे." "कणगीतली ज्वारी काढायचीय." कर्ता ओळखा म्हटलं तर मनिषा मॅडमनाही घाम फुटला असता.

पोरीनं एवढं मनाला लावून घ्यायचं काही कारण होतं का? होतं. मामा रक्ताचा, पण तो महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. मामीचं आणि तिचं नातं मामाच्या मार्फतचं. मामी तिला उपाशी ठेवत नव्हती, टाकून बोलत नव्हती, वह्या-पुस्तकं मागायच्या आत आणून देत होती. पण पाहुणीलाही माणूस तेवढं करतंच. आपण या घरात आहोत की या घरी आलेल्या आहोत, हे तिला विचारायचं होतं, आणि असं विचारायला जीभ रेटत नाही.

तशात केसरआत्या आल्या. वडिलांच्या थोरल्या बहीण, धारूरच्या बाजूच्या डोंगरातल्या गावच्या. जयभीम झाला, पाणी झालं, आणि त्यांनी पौर्णिमाला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला.

"किती वाळलीस माय. चल आता. आपुन आपल्या घरी जाऊ."

इतके दिवस ज्या शब्दासाठी पौर्णिमा कान देऊन बसली होती, तो असा दारातून चालत आला. केसरआत्यांच्या तोंडी तर तो सारखाच. आपली पोरगी, आपलं घर, आपल्या धारूरला काय शाळा न्हाई का. पोरीला रडायलाच आलं, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला ती गेलीही असती.

पण आत्या बोलत राहिल्या, आणि हळूहळू त्या 'आपुन'च्या आत काय आहे ते दिसायला लागलं. लेक आणि सून ऊसतोडीला निघणार होते. मागं दोन लहान लेकरं राहणार होती आणि आत्यांचे गुडघे धरले होते. "आपुन लेकरं सांभाळू. आपुन दोन म्हशींचं बघू. शाळंला काय, जमंल तसं जाऊ. परीक्षा काय औंदाच द्यावी असं हाय का?"

'चला, आपण भांडी घासून घेऊ' असं ज्याला कुणी कधी म्हटलं आहे, त्याला हा 'आपण' बरोबर ओळखू येतो. बोलणारा त्यात फक्त बोलण्यापुरता असतो. पौर्णिमालाही तो ओळखू आला. हा शब्द खोटंही बोलू शकतो, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

आत्यांनी तिथंच पुण्याला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. वडिलांचा आवाज थकलेला होता. "आक्का, तिची मामी काय म्हनती ते बघ. तिनं ठिवलं तर राहू दे. न्हाई तर तू घेऊन जा. मी काय सांगू इथून?" आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे सगळं मामीवर आलं. मामी गिरणीवर होती, एका बाईचं दळण उतरवत. तिनं सगळं ऐकलं होतं की गिरणीच्या घरघरीत काहीच ऐकलं नव्हतं, तिच्या तोंडावरून कळायची सोय नव्हती. पौर्णिमा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कारण पीठ भरलेला डबा धरायला कुणीतरी लागायचंच. नको म्हणायला मामीला कुठलंच कारण नव्हतं. पोरगी दुसऱ्याची, न्यायला आलेली तिची सख्खी आत्या. 'बरं' एवढं म्हटलं असतं तरी मामीला कुणी बोल लावला नसता.

मामीनं डब्याचं झाकण लावलं. मग खटका पाडला. पट्टा फडफडत मंदावला आणि थांबला.

"ताई," मामी म्हणाली, "औंदा आमची दहावी हाय."

केसरआत्यांना ते झटकन उमगलं नाही. "कुनाची?"

"आमची. पेपर होईस्तोर आमी कुटंच येत न्हाई. फुडं आमाला कालेजला बी जायचंय."

पौर्णिमा डबा धरून होती तशीच राहिली. आमी. तोच शब्द. तिनं सवयीनं त्याला तपासायला घेतलं. 'आम्ही' म्हणजे बोलणारा आणि बोलणाऱ्याची माणसं, ऐकणारा सोडून. ऐकणाऱ्या केसरआत्या. बोलणारी मामी. मामा टँकरवर, त्याला दहावीचं काही पडलेलं नाही, घरात दुसरं लेकरू नाही, आणि मामीची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. मग दहावी कुणाची? त्या 'आमी'मध्ये मामीच्या जोडीला माणूस उरतं कोण?

इतके दिवस ती मामीच्या समोर बसून ऐकत होती. समोर बसणाऱ्याला 'आम्ही' बाहेरच ठेवतं, त्यात मामीचा काय दोष? त्या शब्दाच्या आत असायचं तर मामीच्या शेजारी उभं राहावं लागतं आणि तिसरं कुणीतरी समोर यावं लागतं. आज ते आलं होतं. 'आपण'ची वाट बघत बसलेल्या या हुशार पोरीला 'आम्ही'मध्येही एवढी माया मावते हे कळलंच नव्हतं. किती मोठा होता हा शब्द, आणि मामीनं तो किती सहज उचलून आत्यांपुढं ठेवला होता.

केसरआत्यांनी कमरेवर हात ठेवले. "आमी आमी काय लावलंय, जोसनाबाई? मालक तुमचे टँकरवर. हितं आमी म्हनायला हाय कोन?"

मामीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं गिरणीत येऊन कुणी पीठ कशाचं असतं असं विचारावं.

"ही अन् मी," ती म्हणाली.

मग आत्यांनी शेवटचा उपाय म्हणून पौर्णिमाकडं मोर्चा वळवला. आवाज पुन्हा मऊ झाला. "तू बोल माय. तुझं काय? तुला काय वाटतंय?"

पौर्णिमानं डबा खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला गेल्यावर गालाला पीठ लागलं. या घरात ती आजवर 'मी' म्हणाली होती आणि 'तुमी' म्हणाली होती. तिसरा शब्द तिनं इथं कधी तोंडातून काढला नव्हता. त्या शब्दाचं तिला भय वाटलं, आणि ते वाटूनही तिनं तो उच्चारला.

"आमचं ठरलंय, आत्या."

मामीनं खटका वर केला आणि पुढचा डबा ओढला.