झाड आणि चिमणी एका काचेवर

मित्रांनो, मी एक जुना लाइटबॉक्स आहे. वर दुधी काच आणि पोटात दिवा असलेली लाकडी पेटी. माझ्यावर कागदावर कागद ठेवला, की खालचे चित्र वरच्या कागदातून दिसते. एका सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला जोडले, म्हणून माझा एक पाय आखूड राहिला. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते.

मी दोघा भावंडांचा. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचे अक्षर बघायला लोक रस्त्यात थांबत. धाकटी बहीण चित्रे काढायची. तिला सगळे छोटीच म्हणत. दोघांचे अगदी गुळपीठ होते. एकदा त्यांना मुलांच्या वाचनालयासाठी बारा सेकंदांची ॲनिमेशन फिल्म करायचे काम मिळाले. कितीतरी दिवस नुसती आखणीच चालली. भिंतभर छोट्या चौकटी चिकटल्या. पहिलीत कोरी जागा. मग 'झाड' हा शब्द उगवतो, अक्षरांना फांद्या फुटतात आणि शेवटी एक चिमणी उडत येऊन 'ड'च्या वळणावर बसते. अक्षरे दादाची, चिमणी छोटीची. एकशे चव्वेचाळीस कागद त्याचे, तितकेच तिचे.

ते कागद रोज जोडीजोडीने माझ्या काचेवर येत. शेवटच्या जोडीत चिमणीचे पाय वळणावर नेमके टेकायचे. "ही पेटी नसती तर हे जमलंच नसतं," असे दादा एकदा म्हणाला. खोटे कशाला सांगू, मी फुलून गेलो होतो.

मग कागद कॅमेरावाल्याकडे गेले. सोबत दोघांनी आपापल्या कागदांसाठी सूचना लिहून दिली. प्रत्येक कागद दोनदा टिपायचा, म्हणजे तो पडद्यावर दुप्पट वेळ राहतो, ही दादाची जुनी सवय. छोटीने लिहिले, एकदाच. त्यात विचारायचे काय, असे दोघांनाही वाटले आणि एकमेकांची चिठ्ठी कुणीच वाचली नाही. फिल्म लागली तेव्हा चिमणी निम्म्या वेळातच पोहोचली आणि अर्धवट उगवलेल्या शब्दाशेजारी हवेतच बसून राहिली.

"तुझ्या चिमणीला कसली एवढी घाई?" दादा म्हणाला.

"घाई कसली? तुझी अक्षरंच रेंगाळतात!"

शब्दाने शब्द वाढला. चित्रे काढणे म्हणजे पोरखेळ, असे दादा रागाच्या भरात बोलून गेला. छोटीने आपले ब्रश गोळा केले आणि ती दुसऱ्या गावी निघून गेली. माझ्या काचेवर तर सगळे जुळत होते! पण मी मूग गिळून बसलो.

पुढे कॉम्प्युटर आला. कानामागून आला आणि तिखट झाला. माझ्यावर रद्दी साचली, चहाच्या कपांचे गोल डाग पडले. वर्षानुवर्षे माझा दिवा कुणी लावला नाही. दादा दिवस दिवस कुणाशी बोलत नसे. एका खोलीत आम्ही दोघे, आणि दोघेही एकटे.

परवा कॅमेरावाल्याने धंदा बंद केला आणि जुने गठ्ठे परत पाठवले. दोन्ही चिठ्ठ्या त्यांना टाचलेल्या होत्या. दादाने एक वाचली, दुसरी वाचली, पुन्हा पहिली वाचली. मग रद्दी खाली ढकलून त्याने माझा दिवा लावला आणि शेवटचे दोन कागद एकावर एक ठेवले. पाय नेमके टेकले.

दादाने खुर्ची जवळ ओढली. फोन माझ्या काचेवर ठेवून त्याने नंबर लावला.

"छोटे, तुझी चिमणी बरोबर होती गं. अक्षरंही बरोबर होती. आपण एकमेकांना विचारलंच नाही."

 पलीकडून ती म्हणाली, "दादा, आवाज किती थकलाय रे तुझा."

येते, असे काही ती म्हणाली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही.

मित्रांनो, मला पुसलेत, झाकून ठेवलेत तर तुमचे उपकारच होतील. पण त्याआधी एक करा. ज्याच्याशी अबोला धरला आहे, त्याला नेमके काय बिनसले ते आजच विचारा. मला सगळे दिसत होते, फक्त बोलता येत नव्हते. तुम्हाला तर बोलता येते ना?