सालदार आणि आवळलेली तार

मी एक झाड आहे, मित्रांनो. जुनं म्हणावं की नाही, हे माझं मलाच ठरवता येत नाही. वय चौदा वर्षं, आणि उंची घराच्या खिडकीच्या वरच्या कडेला जेमतेम पोचेल एवढी. कुंपणापलीकडचं निलगिरीचं झाड माझ्यानंतर पाच वर्षांनी लावलं आणि ते छपराच्याही वर गेलं. त्याचं मला वाईट वाटतं का? नाही. मला फारसं काही वाटतच नाही. ही सवय मला कशी लागली, तेच सांगतो.

माझं बी रुजायलाच दोन हिवाळे गेले. रोपवाटिकेतल्या बाईने कंटाळून बाकीच्या कुंड्या रिकाम्या केल्या. माझी तेवढी कोपऱ्यात राहून गेली, म्हणून मी आहे. चार वर्षांत मी कसाबसा कमरेएवढा झालो. तेव्हा एक वायरमन आणि त्याची बायको रोप घ्यायला आले. बायको घरी शिवणकाम करायची. कापड हातात घेतलं की डोळे मिटून त्याचा पोत सांगायची. माझ्यामागे माझ्याच जातीचं एक मोठं झाड होतं. त्याच्या खोडाची साल कागदासारखी सुटत होती आणि खालून करडे, बदामी, नारिंगी असे तुकडे दिसत होते. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"हेच घेऊ या," ती म्हणाली.

"साल सोडायला पाच-सहा वर्षं लागतील हं," रोपवाटिकेतली बाई म्हणाली. "आणि फुलायला त्याच्याही पुढे."

"म्हणजे एक साल सोडायला इतकी सालं," वायरमन म्हणाला. या विनोदावर तो एकटाच हसला, पण तेव्हापासून माझं नाव सालदार पडलं.

घरामागच्या अंगणात त्यांनी मला लावलं. तिथे सकाळचं ऊन यायचं आणि दुपारी भिंतीची सावली पडायची. बायकोने डाव्या हाताने मला सरळ धरलं आणि त्याने मला एका खुंटीला बांधलं. सुतळीने नाही, तांब्याच्या तारेने. वायरमनच तो. तार सैल राहिली की ठिणगी उडते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने दोन वेढे दिले, पकडीने पीळ भरला आणि टोक वाकवून ठेवलं.

"एवढं आवळू नका हो. त्याला वाढायचंय," ती म्हणाली.

"वाढेल तेव्हा सैल करू."

पहिली वर्षं चांगली गेली. ती माझ्या मुळांवर पालापाचोळा पसरायची. माझी पहिली साल सुटली तेव्हा ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना तिने मला दाखवलं. शेजारचे काका म्हणाले, "याला रोग लागलाय, चुना लावा." तिने त्यांना चहा दिला आणि चुन्याचा विषय पुन्हा काढू दिला नाही. दर वर्षी पालवी फुटली की ती नवऱ्याला आठवण करायची, "अहो, ती तार." तो म्हणायचा, "करतो की." खुंटी कुजून पडली. तार राहिली.

मित्रांनो, तार एकदम दुखत नाही. मी जाड होत गेलो आणि ती आत जात गेली. तिच्यावर खोडाला फुगवटा आला. वरची पानं लहान निघू लागली. मग एका वर्षी माझ्या लक्षात आलं की तारेच्या वरचं आपल्याला काही कळत नाही. वारा आला तरी नाही, पाखरू बसलं तरी नाही. मला दुःख झालं असं सांगितलं असतं, पण तेही झालं नाही.

त्याच वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती शिवणयंत्रावरून खाली कोसळली. दवाखान्यातून परत आली तेव्हा ती बोलत होती, हळूहळू चालत होती. डावा हात हलत होता, पण त्या हाताला स्पर्श कळत नव्हता. कापड पुढे सरकवणारा तोच हात. एकदा ती हट्टाने मशीनवर बसली. सुई बोटात घुसली आणि तिला ते पांढऱ्या कापडावरचा डाग बघून कळलं. त्या दिवशी तिने मशीनवर झाकण घातलं. खिडकीतून मला ते दिसलं.

व्यायाम शिकवायला एक ताई यायची. "वेगवेगळ्या वस्तूंना हात लावा, डोळे मिटून ओळखा," तिने सांगितलं. स्पंज झाला, ब्रश झाला, पॉलिश पेपर झाला.

"सगळं सारखंच," बायको म्हणाली. "मला सालदाराकडे न्या."

मग रोज सकाळी वायरमन तिला माझ्यापाशी आणायचा. ती डोळे मिटायची आणि तो तिचा डावा हात माझ्या खोडावर ठेवायचा.

"खरखरीत की गुळगुळीत?"

"खरखरीत."

"बरोबर," तो म्हणायचा. हात गुळगुळीत जागेवर असला तरी बरोबरच म्हणायचा. महिनाभर ती एकदाही चुकली नाही.

एका सकाळी तिने डोळे उघडले. हात कुठे आहे ते पाहिलं.

"लोकांच्या घरी करंट आहे की नाही ते टेस्टर लावून बघता ना?" ती म्हणाली. "दिवा लागत नसला तर लागला म्हणून सांगता का?"

तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हतो.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्याने हात ठेवला. या वेळी हात घसरून खाली आला, फुगवट्याखाली, जिथे तारेचं वाकवलेलं टोक आता बाहेर आलं होतं.

"टोचलं," ती म्हणाली.

तो तिचा हात पुन्हा वर सरकवायला लागला.

"अहो, टोचलं मला."

तिच्या बोटावर रक्ताचा थेंब होता. त्याने वाकून पाहिलं, आणि सात वर्षांनी त्याला ती तार दिसली. तो घरात जाऊन पकड घेऊन आला. जेवढी तार सुटली तेवढी त्याने कापून काढली. बाकीची माझ्या आत आहे.

"माझ्यामुळेच झालं हे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "तो तुकडा टाकू नका. मशीनच्या खणात ठेवा."

मला लगेच काही वाटलं नाही. पुढचं वर्षभरही नाही. ते दोघं रोज यायचे. आता तो "चूक" म्हणायचा, दहातून आठ वेळा. मग सहा वेळा. मग एका सकाळी डोळे मिटून तिने डावा हात माझ्या वरच्या फांदीपर्यंत नेला.

"इथे काहीतरी गोल आहे. वाटाण्याएवढं."

त्याने फांदी खाली वाकवली. ती कळी होती. माझी पहिली. मित्रांनो, माझ्या अंगावर कळी आली होती आणि मला पत्ता नव्हता.

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात कळीवर तसाच धरून ठेवला.

म्हणून सांगतो. झाड बांधा, पण दर पालवीला गाठ सैल करा. करतो म्हणू नका, करा. आणि त्याला काही लागतंय का, हे झाडाला विचारू नका. पुष्कळदा त्याचं त्यालाच कळत नसतं. हात लावून बघा.