ट्रे धरलेले हात

युनियनच्या कमिटीच्या बैठकीत पॅकिंगवालीने तिसऱ्या रांगेत चहा पुढे केला, नेमकं तेव्हाच सेक्रेटरी म्हणाला, "बायकांच्या संडासाची मागणी यादीत घालायची? हात वर करा."

तिच्या दोन्ही हातांत ट्रे.

"बाजूने सात, विरुद्ध आठ. पडली."

कारखान्यातल्या तीस बायकांनी अकरा वर्षं घशाला कोरड पडेस्तोवर पाणी टाळलं होतं. संडास दोन इमारती पलीकडे, आणि जाण्यायेण्याची मिनिटं सुपरवायझरच्या वहीत. त्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला.

"थांबा. माझं मत राहिलं."

"मग करायचा होता हात वर!"

"चहा तुमच्या डोक्यावर ठेवून?"

हशा पिकला. वेल्डरदादा म्हणाला, "अहो ताई, हा काही सगळ्यांचा प्रश्न नाही. मागणी कशी, सर्वांची हवी."

"तुमच्या बुटांची मागणी आली तेव्हा मी हात वर केला होता, दादा. मी घालते का ते बूट?"

वेल्डरदादाने कपात तोंड खुपसलं.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली. मागे सफाईवाली भिंतीला टेकून उभी होती. कंत्राटी कामगारांना युनियनने गेल्याच महिन्यात सभासद करून घेतलं होतं, त्यांची ती प्रतिनिधी. खुर्ची मात्र तिच्या वाट्याला आली नव्हती. पॅकिंगवालीने न बघताच ट्रे तिच्या हातांत दिला आणि आपला हात ताठ वर केला.

"बाजूने आठ, विरुद्ध आठ. बरोबरीत मागणी पडते, नियमच आहे."

पण पॅकिंगवाली डबे मोजण्यात मुरलेली बाई. आठ नि आठ सोळा. बैठकीच्या हजेरीवहीत सह्या सतरा.

"एक मत कुठं गेलं?" ती कडाडली. "कोण तो भागूबाई? हात खिशात घालून बसलाय, समोर ये म्हणावं!"

पुरुष एकमेकांच्या खिशांकडे बघू लागले.

मागे कप किणकिणले.

ती वळली. सफाईवालीने ट्रे छातीशी घट्ट धरला होता. उजवा कोपर तेवढा वर गेला होता, चहा न सांडता जाईल तितका.

"दोन्ही वेळा केला होता की मी, ताई. मागे कुणी बघितलंच नाही," ती हळूच म्हणाली. "तो संडास मीच धुणार आहे. तरी केला."

 पॅकिंगवालीने तिच्या हातांतून ट्रे काढून घेतला, चालत पुढे गेली आणि सेक्रेटरीच्या उघड्या वहीवर ठेवला.

"तिसऱ्यांदा मोजा. आणि उरलेला चहा तुम्ही वाटा."

मग ती मागे येऊन भिंतीशी उभी राहिली. शेजारच्या सफाईवालीकडे मान वळवून बघायला मात्र तिला बराच वेळ लागला.