दोन्हीकडचा भाऊ

आमच्या चिसेंगू वस्तीत रात्रीची गस्त घालायची तर माझ्याशिवाय पोलिसांचं पान हलत नाही. फुशारकी नाही, खरं तेच सांगते. आमच्या गल्ल्यांना नावं नाहीत, घरांवरचे नंबर ज्याने त्याने स्वतःच्या मर्जीने रंगवलेत, ठाण्यात बदलून आलेला माणूस दिवसाढवळ्या चुकतो. म्हणून आठवड्यातून तीन रात्री मी स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट चढवते आणि सार्जंट जेरेच्या पुढे चालते. पुढे, मागे नाही. वय चोपन्न, सकाळी बाजारात गुलगुले तळून विकते, आणि काफुलाची आई म्हणून सगळे मला बाना काफुला म्हणतात.

सार्जंट जेरे पस्तिशीचा, उंच, बोलायला गोड. तो न्गोनी जमातीचा आणि मी बेम्बा. आमच्या पणजोबांनी एकमेकांना भाल्यांनी भोसकलं, आणि दमल्यावर ठरवलं की आता इथून पुढे फक्त तोंडाने भांडायचं. तेव्हापासून बेम्बा आणि न्गोनी हे थट्टेचे भाऊ. आम्ही त्यांना उंदीरखाऊ म्हणतो, ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आणि जो रागावेल तो हलका. मयताच्या घरी तर या भावांना सगळी मोकळीक. बेम्बा मेला की न्गोनी येऊन मढ्याला शिव्या घालतात, चुलीवरचं भांडं पळवतात, अंगणातली खुर्ची उचलून नेतात आणि कोंबडी दिल्याशिवाय परत करत नाहीत. रडून सुजलेली माणसं त्यामुळे जरा हसतात. चांगली रीत आहे, मला आवडते.

जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, त्या रात्री थंडी अशी होती की दात वाजत होते. जेरेच्या कोटाचा डावा खिसा फाटून लोंबत होता. मी त्याला म्हटलं, सरकारने तुला बंदूक दिली, सुई दिली नाही का. तो म्हणाला, सुई बेम्बांकडे असते, पण माकड सोलण्यातून सवड मिळाली तर ना. अशी आमची गस्त चालते. गाडीला पेट्रोल नव्हतं, ते कधी असतं, त्यामुळे पायीच.

त्याच दिवशी सकाळी आमच्या गल्लीतला म्विला कापासा गेला होता. त्याची बायको बाना चोला माझी वीस वर्षांची मैत्रीण. तिला तीन मुलं, धाकटी अजून दूध पिते, आणि जवळ म्हणावी अशी एकच वस्तू, पायाने चालवायची शिलाई मशीन. शाळेचे गणवेश शिवून तिने ती स्वतःच्या कष्टाने घेतली होती. पण आम्हा बेम्बांत माणूस आईच्या कुळाचा. बायको त्याच्या कुळाची कधीच होत नाही. नवरा गेला की त्याचे भाऊ-भाचे येतात आणि घरातलं सगळं ‘आमच्या माणसाचं’ म्हणून उचलतात. याविरुद्ध कायदा आहे. पण कायदा राहतो ठाण्यात आणि दीर येऊन बसतो अंगणात. दीर चितालू दुपारीच टेम्पो घेऊन आला होता आणि मशीनकडे दोनदा बघून गेला होता. बाना चोला माझ्या कानात म्हणाली होती, मशीन गेली तर मी पोरांना काय घालू. मी तिला शब्द दिला होता की माझ्या डोळ्यांदेखत ती कुठे जाणार नाही.

आणि गेली ती माझ्याच डोळ्यांदेखत.

बाराच्या सुमाराला गटारापाशी एक तिशीचा माणूस एकचाकी हातगाडी ढकलत येताना दिसला. वर पोतं. जेरेने टॉर्च मारली आणि विचारलं काय आहे. माणसाने स्वतःच पोतं बाजूला केलं. खाली मशीन, लाल रंगवलेल्या चाकाची, मी हजार वेळा बघितलेली. तो हसत म्हणाला की कापासाच्या मयतातून उचलली, सकाळी कोंबडी आणि न्शिमाचं, मक्याच्या उकडीचं, ताट मिळालं की परत करीन. मग त्याने टॉर्चच्या उजेडात जेरेच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, जेरे हे नाव न्गोनींचंच, आणि ओरडला, “अरे, हा तर उंदीरखाऊ! हट बाजूला, नाहीतर तुझ्या खिशातला उंदीर पळून जाईल, खिसा फाटलाय!”

जेरे इतका हसला की टॉर्च हलली. मीही हसले. नुसती हसले नाही, त्या गाडीचं चाक गटारात अडकलं होतं तर एका बाजूने हात लावून पलीकडे काढूनही दिलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग आम्ही बाजार बघितला, दोन दारुडे घरी पोचवले आणि एकच्या सुमाराला मयताच्या घरी चहाला थांबलो. मयताच्या घरी जसं असतं तसंच, आतलं सामान सगळं बाहेर काढून ठेवलेलं, आत बायका जमिनीवर बसून गात होत्या, बाहेर पुरुष शेगड्यांभोवती. त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं की एक न्गोनी आला होता, काय तोंड त्याचं! मेलेल्या म्विलाला म्हणाला, माकडखाऊ, माझी कोंबडी न देताच निघालास होय, आणि मशीन घेऊन गेला. या लोकांनी त्याला फाटक उघडून दिलं होतं. दीर चितालू म्हणाला की सकाळी येईल घेऊन, चिंता नको, मग मी टेम्पोत नीट ठेवतो.

मी आत गेले. बाना चोला भिंतीला टेकून बसली होती, रीतीप्रमाणे डोक्यावरून कापड, दिवसभरात माझ्या कानातल्या त्या कुजबुजीशिवाय एक शब्द बोललेली नव्हती. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, तो कोण होता. मी म्हटलं, असेल कुणी न्गोनी, रीत आहे ना. ती म्हणाली, “आमचे सगळे न्गोनी मला माहीत आहेत, काफुलाच्या आई. हा आवाज मी कधी ऐकला नाही.”

तिथल्या तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथे तो म्विलाला माकडखाऊ म्हणाला, म्हणजे न्गोनी. गटारापाशी जेरेला उंदीरखाऊ म्हणाला, म्हणजे बेम्बा. अर्ध्या तासात माणसाची जात बदलते कशी?

मी बाहेर येऊन जेरेला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, मी त्याला सोडला, माझ्या हातात होता. मी म्हटलं, रडायला रात्र पुरणार नाही, चल. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. लाल चाकाची ती मशीन वस्तीत सगळे ओळखतात, विकायची तर शहरातच. ओढ्यावर आमच्याकडे पायी जायला झाडाचा ओंडका आहे, हातगाडी त्यावरून जात नाही. गाडीवाल्याला जायला एकच वाट, खाणीच्या ढिगाऱ्याला वळसा घालून रेल्वेच्या फाटकापर्यंत, पाऊण तासाची. तिथे तीन वाजता कोळशाचे ट्रक शहराकडे निघतात. म्हणजे तो तिथेच ट्रकची वाट बघत बसणार. आणि ओंडक्यावरून ते फाटक दहा मिनिटांवर.

जेरे ओंडक्यावरून चार पायांवर गेला. मी चालत गेले. हे मी त्याला अजून ऐकवते.

फाटकापाशी हातगाडी भिंतीला टेकवलेली आणि पठ्ठ्या बाजूला बसून भाजलेलं कणीस खात होता. आम्हाला बघून दचकला, पण लगेच हसला आणि म्हणाला, काय भावा, कोंबडी आणलीस का. जेरेने शांतपणे विचारलं, “तू कुणाचा भाऊ?”

“बाप बेम्बा, आई न्गोनी,” तो म्हणाला. “दोन्हीकडचा भाऊ आहे मी. दोन्हीकडून थट्टा करायचा हक्क आहे मला.”

हुशार होता, नाही म्हणत नाही. असं म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच पोलिसी पुस्तकात नाही. पण मी चोपन्न वर्षांत शंभर मयतं बघितली आहेत.

“बाळा,” मी म्हटलं, “आम्हा बेम्बांत माणूस आईच्या कुळाचा. तुझी आई न्गोनी, म्हणजे तू आमचा नाहीस. न्गोनींत माणूस बापाच्या कुळाचा. तुझा बाप बेम्बा, म्हणजे तू यांचाही नाहीस. दोन्हीकडचा कसला, तू तर कुणाचाच नाहीस. आणि खरा भाऊ वस्तू उचलतो ती शेगडीपलीकडे नेत नाही. तिथेच बसून कोंबडी मागतो. ट्रकची वाट बघत बसत नाही.”

त्याने कणीस खाली ठेवलं. पळायचा विचार त्याच्या पायांत आलेला मला दिसला, पण तोवर जेरेने त्याचा एक हात बेडीत घालून हातगाडीच्या दांड्याला अडकवला होता. मग आम्ही त्यालाच ती मशीन पाऊण तास ढकलत परत आणायला लावली. वाटेत तो दोनदा म्हणाला की चाक जड आहे. मी म्हटलं, जाताना हलकं होतं ना.

मयताच्या घरी फाटकात शिरताच लोकांना सगळं समजलं आणि चारपाच जण लाकडं घेऊन उठले. जेरे मध्ये उभा राहिला आणि म्हणाला की हा आता माझा आहे, याला हात लावला तर त्याच्या शेजारी तुम्हीही ठाण्यात झोपाल. लाकडं खाली गेली. पण दीर चितालू पुढे आला, जेरेचे आभार मानले, खरोखर मनापासून मानले असं तोंड करून, आणि मशीनच्या लाल चाकावर हात ठेवला. म्हणाला, भावाची वस्तू आहे, माझ्या टेम्पोत सुरक्षित राहील. दोन पोरं उचलायला वाकलीसुद्धा.

मी चोराकडून मशीन सोडवून आणली ती याच्या हातात द्यायला? पण मी बेम्बा, म्विलाच्याच माणसांतली, मयताच्या अंगणात दिराशी भांडायचा मला हक्क नाही. मी जेरेकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आणि मग त्या लबाड न्गोन्याने काय करावं? टोपी काढली आणि थेट मशीनवर चढून बसला.

“ऐका, माकडखाऊंनो,” तो मोठ्याने म्हणाला. “म्विला बेम्बा होता आणि मी जेरे आहे, न्गोनी, आईकडून आणि बापाकडून. ही मशीन मी उचलली आहे. रीतीने आता ती माझी.”

अंगणात हशा पिकला. चितालूही हसला, न हसून सांगतो कुणाला, थट्टेच्या भावावर रागावणारा हलका. त्याने विचारलं, बरं, किती कोंबड्या हव्यात.

जेरे म्हणाला की कोंबडी नको. आणि चितालूकडूनही काही नको. त्याच्या स्वतःच्या कोटाचा हा फाटका खिसा या घराच्या बाईने, याच घरात, याच मशीनवर, स्वतःच्या हाताने शिवून द्यायचा. मयत पुरून झाल्यावर, सुतक संपल्यावर, तिला सवड होईल तेव्हा. तोवर मशीन त्याच्याकडे गहाण, आणि जो तिला या घरातून हलवेल त्याने पोलिसाचा माल हलवला असं धरलं जाईल. आणि त्याचे कोट बरेच फाटतात, हेही त्याने सांगून ठेवलं.

हसत हसत सांगितलं सगळं. पण चितालूने चाकावरचा हात काढला तो हळूच काढला, आणि ती दोन पोरं शेगडीपाशी परत जाऊन बसली. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. एवढ्या लोकांसमोर भावाने बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

आत बायकांचं गाणं थांबलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दारातल्या कापडामागून बाना चोलाचा आवाज आला, दिवसभर कुजबुजीपलीकडे न गेलेला, बसलेला, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

“कोट ठेवून जा, उंदीरखाऊ,” ती म्हणाली. “आणि आधी खिशातले उंदीर बाहेर काढ.”

मी हसायला गेले आणि रडूच आलं. जेरेने कोट काढला, घडी करून मशीनवर ठेवला आणि पुढची गस्त नुसत्या शर्टावर, कुडकुडत घातली.