होडीवाल्या एबलच्या पायऱ्या

"या खेपेला पायऱ्या गाळायच्या नाहीत हं, हेस्टरबाई," म्युरिएल ट्रँटर मठाच्या कमानीखाली म्हणाली. "समितीनं मार्गात घातल्यात. पायऱ्या नाहीत, तर बिल्ला नाही."

वॉर्डस्टोकमध्ये दर पाच वर्षांनी गाइडची परीक्षा होते. परीक्षक कागद-पेन्सिल घेऊन पाहुण्यांच्या मागून चालतो. म्युरिएलला हे गाव दाखवायला शिकवलं हेस्टरनंच, आणि आता तीच परीक्षक! नवरा गेल्यापासून हेस्टरकडे त्या निळ्या बिल्ल्याशिवाय होतं तरी काय? बिल्ला होता म्हणून बेकरीवाला नावानं हाक मारायचा, बिल्ला होता म्हणून सकाळी उठून केस विंचरायचे.

आणि नदीकाठच्या त्या पायऱ्या म्हणजे दारुड्या एबलची गोष्ट. झिंगून पुरात होडी घालणारा, बुडता बुडता भाडं मागणारा एबल! गावानं त्याच्या नावाचा पबसुद्धा काढला, पाटीवर लाल नाकाचं चित्र. खरं काय ते हेस्टरला ठाऊक होतं, म्युरिएललाही. एबल हा हेस्टरचा बाप. दारूला त्यानं जन्मात तोंड लावलं नव्हतं. त्या सकाळी बायको अडली होती आणि सुईण राहायची पलीकडच्या काठावर. तिला आणायला तो निघाला. हेस्टर जन्मली, तो काही परतला नाही. पण असलं ऐकायला पाहुणे थोडेच येतात?

ती पाहुण्यांना घेऊन पायऱ्यांपाशी पोचली. बाकावर विल्फ बसला होता, तिचा थोरला भाऊ. सहा वर्षांचा असताना त्यानं इथूनच बापाची होडी उलटताना पाहिली होती. रोज दुपारी तो इथंच बसायचा. आज तरी नसेल, अशी तिला वेडी आशा होती.

तिनं आधी सरळ सांगितलं. पूर आला, होडी गेली. पाहुणे घड्याळं बघू लागले. मागं पेन्सिल चालली.

मग मात्र हेस्टर झुलायला लागली. जीभ जड केली, डोळे फिरवले, एक पाय हवेत धरून ओरडली, "दोन पेन्स! दोन पेन्स टाक रे नदीबाबा, मग बुडव!" लोकांची हसून मुरकुंडी वळली. एका बाईनं "पुन्हा एकदा, पुन्हा!" म्हणत फोन काढला. हेस्टरनं पुन्हा केलं. मेल्याहून मेल्यासारखं होत होतं तिला, पण लोक हसले की बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला!

"पण एवढ्या पुरात हा पलीकडे चालला होता कशाला?" एका पाहुण्यानं डोळे पुसत विचारलं.

हेस्टरनं म्युरिएलकडे पाहिलं. पेन्सिल थांबली होती.

"बाटली संपली होती," हेस्टर म्हणाली.

असा हशा उसळला की काठचे हंस बिचकून लांब गेले. म्युरिएलनं कागदावर बरोबरची खूण केली आणि तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

विल्फ उठला. परक्या बाईशी बोलावं तशी टोपी काढून म्हणाला, "छान सांगता हो, बाई. हा एबल तुमच्या नात्यातला का?"

सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही हो, आजोबा," हेस्टर म्हणाली. "आमच्या घरात कुणी पीत नव्हतं."

आणि तिनं मंडळींना पुलाकडे वळवलं.