तुरुंगाच्या टपालपेटीत पडलेला अर्ज

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. अलाबामातल्या एका तुरुंगात, जेवणघराच्या दाराशी भिंतीवर मी असते. इथल्याच कैद्यांनी लोखंडी पत्रा कापून, ठोकून मला घडवलं. गंज चढला की रंगाचा एक हात फिरवतात, त्यामुळे आता मी चांगलीच जाडजूड झाले आहे.

पूर्वी माझा थाट काय सांगू! आयांना, बायकांना, लेकरांना लिहिलेली पत्रं माझ्या पोटात मावत नसत. मग कैद्यांच्या हाती टॅबलेट आले आणि माझी किंमत उतरली. येता-जाता कुणीही मला च्युइंगम चिकटवू लागलं. फार वाईट वाटायचं. कोर्टाचे कागद तेवढे अजून माझ्यात पडत.

एका दुपारी रूफस पेटवे माझ्यासमोर येऊन उभा राहिला. न केलेल्या दरोड्यासाठी त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली होती. अपील फेटाळलं गेलं होतं आणि वकील करण्याची ऐपत नव्हती. शिक्षेला आव्हान देणारा अर्ज त्यानं स्वतःच लिहिला होता. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

त्याच्याच कोठडीतल्या म्हाताऱ्या सिलसनं अर्ज वाचून कपाळावर हात मारला. "अरे बाबा, हा अर्ज आहे की बहिणीला लिहिलेलं पत्र? कायद्याचा एक शब्द नाही. नुसतं मासे तळले, मासे तळले!"

"मग काय लिहू काका? दरोडा पडला त्या संध्याकाळी मी मासेच तळत होतो! चर्चच्या आवारात, माझ्या बहिणीच्या, अर्लीनच्या शेजारी. खटल्याच्या वेळच्या वकिलानं तिला एकदा विचारलंसुद्धा नाही."

"बरं बरं, टाक आता. पेटीला कुठे कायदा कळतो!"

हे मला जरा झोंबलंच.

अर्ज कोर्टात पोचेपर्यंत मुदत उलटून गेली. सरकारी वकिलांनी लिहून दिलं, अर्ज उशिरा आला आहे, शिवाय त्यात कायद्याचा मुद्दाच नाही, फेटाळून लावा. रूफसचं जेवणावरून मन उडालं. हा अर्ज फेटाळला गेला की सगळंच संपणार होतं.

अखेर न्यायाधीशबाईंचा आदेश आला. रूफसनं तो सिलसच्या हाती दिला आणि सिलसनं माझ्या शेजारी उभं राहून मोठ्यानं वाचला. "कैदी स्वतः कोर्टात येऊ शकत नाही. त्यानं अर्ज तुरुंगाच्या पेटीत टाकला, त्याच दिवशी तो दाखल झाला असं आम्ही धरतो. वकिलाविना लिहिलेला अर्ज वकिलाच्या मापानं मोजायचा नसतो. साक्षीदार असूनही वकिलानं बोलावला नाही, ही तक्रार स्पष्ट आहे. तिचं कायद्यातलं नाव अर्जदाराला ठाऊक नाही. आम्हाला आहे."

त्याच दिवशी दाखल! म्हणजे मी, ही च्युइंगम चिकटलेली पेटी, कोर्टाचा दरवाजा होते! मला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं.

कोर्टानं रूफसला वकील दिला. सुनावणीत अर्लीननं ठणकावून साक्ष दिली. शिक्षा रद्द झाली आणि सरकारनं पुन्हा खटला भरला नाही. तो सुटला त्या सकाळी कैद्यांनी जेवणघरात ट्रे बडवून नुसता दणका उडवून दिला.

"पुरे रे, छप्पर खाली येईल!" पहाऱ्यावरच्या मिस हॅगूड ओरडल्या, पण हसू त्यांनाही आवरेना.

त्या आठवड्यात मी कैद्यांच्या अर्जांनी पुन्हा काठोकाठ भरले. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं वेडंवाकडं लिहिलेलं हाती आलं, तर चुकांवर रेघा ओढण्याआधी तो काय सांगतोय ते शोधा. माझ्यात अर्ज टाकणारे सगळेच निर्दोष असतील असं मी म्हणत नाही. पण वाचल्याशिवाय ते कळणार कसं?