अर्ध्या इंचाचे स्क्रू

बसा घडीभर, एका सुताराची गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही.

त्याच्या पोरीला सातव्या वर्षापासून फिट यायची. एकदा बाथरूममध्ये आली, आतून कडी. दार फोडेपर्यंत पोरीचं कपाळ फुटलेलं. त्याच दिवशी सुतारानं घरातल्या आतल्या झाडून सगळ्या कड्या उपटल्या. मग पोरगी आंघोळीला गेली की हा जीव मुठीत धरून दाराबाहेर बसायचा. तिनं आतून गाणं म्हणत राहायचं. गाणं थांबलं की हा दार ढकलणार.

पंधराव्या वर्षी मेंदूचं ऑपरेशन झालं. त्याला आता दीड वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, एखादा शब्द ओठावर येऊन अडतो, पण फिट एकही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत येणारच नाही असं लिहून देत नाही मी. पण दार लावून आंघोळ करू द्या आता तिला."

घरी येताच पोरगी म्हणाली, "बाबा, कडी."

"बसवतो की."

गावभर कड्या बसवणारा माणूस, पण महिनाभर टाळलं त्यानं. आज कडी मिळेना, उद्या ड्रिल बिघडलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

शेवटी बसवली. पितळेची, चकचकीत. पोरीनं ती निरखली, स्क्रू ड्रायव्हर घेतला, एक स्क्रू काढून तळहातावर धरला.

"अर्ध्या इंचाचे? खांदा लावला की निघेल ही."

सुतार ड्रिलची वायर गुंडाळू लागला.

"सुताराची पोर आहे मी. मला असं... असं..." शब्द अडला. एरवी सुतार तो पटकन पुरवायचा. आज थांबला. "...फसवू नका."

"भीती वाटते गं."

"मलाही वाटते. पण गाणी म्हणून कंटाळले. आणि माझा आवाज कसला, शेजाऱ्यांना विचारा!"

त्यानं दीड इंचाचे स्क्रू काढून दिले. पोरीनं स्वतः पिळले, पार डोकं बुडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कडी लागली. गाणं नाही, नुसतं पाणी. मग पाणीही थांबलं. सुतारानं दारावर हात ठेवला, आणि ढकललं नाही.

पण अजूनही सकाळचे साडेसात वाजले, पोरीची आंघोळीची वेळ झाली, की गडी त्या दारापासून हलत नाही. तुमच्या कपाटाचं दार लागत नाही म्हणत होतात ना तुम्ही? मग एवढं करा, त्याला उद्या बरोबर साडेसातलाच बोलवा.